कडेचे फोटॉन

दुर्बिणीची नजर किती तीक्ष्ण आहे असं विचारलं, की लोकांना उत्तर एका आकड्यात हवं असतं. ॲस्ट्रोसॅट या आपल्या उपग्रहावर सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप, म्हणजे एसएक्सटी, नावाची क्ष-किरण दुर्बीण आहे. तिच्याबद्दल मी दोन आकडे सांगते आणि दोन्ही खरे आहेत. बिंदूसारख्या स्रोताची प्रतिमा जिथे सर्वांत उजळ असते, तो गाभा साधारण 2 आर्कमिनिटांचा आहे. त्याच स्रोताचे निम्मे फोटॉन ज्या वर्तुळात मावतात, त्याचा व्यास मात्र 10 ते 11 आर्कमिनिटं भरतो. आकाशातला पूर्ण चंद्र साधारण 30 आर्कमिनिटांचा असतो. म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या एक तृतीयांशाएवढं रुंद वर्तुळ आखलं, तरी स्रोताचा निम्माच उजेड हाती लागतो. बाकीचा निम्मा त्या वर्तुळाबाहेर, पातळ होत गेलेला असतो. त्या बाहेरच्या निम्म्याचा हिशेब लावण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

मी मुलुंडच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ही दुर्बीण बांधली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलिंदर पाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली, आणि तिचा क्ष-किरण कॅमेरा इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने तयार झाला. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी30 ने ॲस्ट्रोसॅट साधारण 650 किलोमीटर उंचीवर नेला आणि 26 ऑक्टोबरला एसएक्सटी कामाला लागली. भारताची ही पहिली क्ष-किरण एकवटणारी दुर्बीण. माझा तिच्याशी संबंध आला तो सप्टेंबर 2018 नंतर, इस्रोने ॲस्ट्रोसॅटची साठवलेली निरीक्षणं सर्वांसाठी खुली केली तेव्हा. नाव नोंदवायचं आणि हवी ती फाइल उतरवून घ्यायची. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत ॲस्ट्रोसॅटच्या वापरकर्त्यांना मदत करणारा एक विभाग आहे, तिथल्या कार्यशाळेला मी गेले होते. महाविद्यालयीन शिक्षकांनी प्रत्यक्ष संशोधनात उतरावं ही आयुकाची मूळ भूमिका; तिचा मला केवढा आधार झाला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

क्ष-किरण साध्या आरशावर सरळ आदळले तर परत फिरत नाहीत, आत शिरून शोषले जातात. आरशाला अगदी घासून, जेमतेम अंशभराच्या तिरक्या कोनात आले तरच ते परावर्तित होतात. त्यामुळे या दुर्बिणीचा आरसा बशीसारखा नसतो. नळीसारखे आरसे एकात एक बसवलेले असतात आणि किरण त्यांच्या आतल्या भिंतींना दोनदा घासून खाली एकवटतात. हान्स वोल्टर या जर्मन शास्त्रज्ञाने 1952 मध्ये त्याची भूमिती मांडली: आधी पॅराबोलाची वक्रता, मग हायपरबोलाची. एसएक्सटीत या वक्रतांच्या जागी सरळ उताराचे शंकू वापरले आहेत. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोन्याचा थर, अशी 40 कवचं, एकूण 320 आरसे, आणि खाली 2 मीटरवर कॅमेरा. पत्रे पातळ म्हणून थोड्या जागेत आणि थोड्या वजनात पुष्कळ आरसे बसतात, पुष्कळ फोटॉन गोळा होतात. त्याची किंमत तीक्ष्णतेत मोजावी लागते. शंकू म्हणजे खरी वक्रता नव्हे. पातळ पत्र्याला तंतोतंत आकारात धरून ठेवणं अवघड असतं, आणि पृष्ठभागावरचा सूक्ष्म खडबडीतपणा किरणांना लांबवर उधळतो. अमेरिकेच्या चंद्रा दुर्बिणीत जाड काचेच्या आरशांच्या फक्त 4 जोड्या आहेत आणि तिची नजर अर्ध्या आर्कसेकंदाची आहे. या दोन दुर्बिणी शेजारी ठेवून एकीला चांगली आणि दुसरीला वाईट म्हणणारे मला भेटले आहेत. दोघींची कामं वेगळी आहेत. एसएक्सटी मुख्यतः वर्णपट आणि तेजातले चढउतार टिपण्यासाठी आहे, तेही उपग्रहावरच्या इतर उपकरणांबरोबर एकाच वेळी.

पण वर्णपटवाल्यांनाही पसाऱ्याची आकृती, म्हणजे बिंदूचा उजेड कुठवर कसा पसरतो याचा नकाशा, लागतेच. एखाद्या स्रोताची खरी तेजस्विता काढायची, तर त्याचे किती फोटॉन माझ्या वर्तुळात आले आणि किती बाहेर गेले, हे माहीत हवं. तो अंश चुकला की तेजस्विता चुकते, आणि तिच्यावरून काढलेलं पुढचं सगळं चुकतं. जमिनीवर चाचण्या होतात, पण जमिनीवर क्ष-किरणांचा स्रोत अनंत अंतरावर ठेवता येत नाही आणि पत्र्यांवर गुरुत्वाकर्षणाचा ताण असतो. प्रक्षेपणाचे हादरे खाऊन वर गेलेल्या दुर्बिणीची खरी आकृती वरच, ताऱ्यांकडे बघून ठरवावी लागते.

मग तारा कोणता? माझ्याबरोबर हे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटात येणाऱ्या नव्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच देते. बहुतेक जण आधी क्रॅबचं नाव घेतात, कारण तो क्ष-किरणांमध्ये प्रखर आहे आणि पुस्तकात पहिला भेटतो. पण क्रॅब हा पसरलेला तेजोमेघ आहे. ज्याची स्वतःचीच रुंदी आहे, त्याच्यावर दुर्बिणीची रुंदी मोजायची कशी? मग कुणीतरी आकाशगंगेच्या पट्ट्यातला एखादा झगझगीत जोडतारा सुचवतं. तो बिंदू असतो खरा, पण त्याच्या आणि आपल्या मध्ये धूळ असते, आणि ती क्ष-किरण विखरून स्रोताभोवती एक वलय तयार करते. पावसाच्या भुरभुरीत पूर्व द्रुतगती मार्गावरच्या दिव्यांभोवती दिसतं, तसंच. ते वलय धुळीचं की आरशाचं, हे फोटॉनवर लिहिलेलं नसतं. म्हणून आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरचे, जिथे मध्ये धूळ कमी, असे ब्लेझार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची बिंदूसारखी दिसणारी प्रखर केंद्रं, बरे. पीकेएस 2155-304 हा त्यांतला माझा आवडता. एसएक्सटीने पहिल्यांदा डोळा उघडला तो याच्याकडे, आणि त्यानंतरही त्याच्याकडे वारंवार पाहिलं गेलं आहे. दक्षिणमत्स्य तारकासमूहात तो आहे. नोव्हेंबरच्या संध्याकाळी मुलुंडच्या गच्चीवरून दक्षिणेला फोमलहॉट दिसतो. हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडं जास्त अंतर पश्चिमेला सरकलं की तिथली रिकामी काळी जागा ती त्याची. नवीन मुलांना मी ती दाखवते. उपनगराच्या उजेडात आजूबाजूला दुसरं काहीच दिसत नाही, पण ज्याच्या फोटॉनशी आपण महिनोन् महिने झटतो तो कुठल्या दिशेला आहे, हे कळलेलं बरं.

काम दिसायला साधं आहे. उपग्रहाची एक फेरी साधारण 97 मिनिटांची. मध्ये पृथ्वी आडवी येते, दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या दाट पट्ट्यातून जाताना मोजणी सोडून द्यावी लागते. प्रत्येक फेरीची वेगळी फाइल, आणि लागोपाठच्या फायलींत काही भाग दोनदा आलेला. तो काढून टाकून सगळं एकत्र जोडायचं. मग हातात येते ती एक लांबच लांब यादी: प्रत्येक फोटॉन कॅमेऱ्यावर कुठे पडला, केव्हा पडला, त्याची ऊर्जा किती. कॅमेरा 600 गुणिले 600 पिक्सेलचा, प्रत्येक पिक्सेल साधारण 4 आर्कसेकंदांचा. म्हणजे पिक्सेल आरशाच्या पसाऱ्यापेक्षा कितीतरी बारीक आहेत; धूसरपणा कॅमेऱ्याचा नाही, आरशांचा आहे. स्रोताचं केंद्र शोधायचं, त्याच्याभोवती एकाबाहेर एक कडी आखायची, प्रत्येक कड्यातले फोटॉन मोजून क्षेत्रफळाने भागायचं, त्यातून स्रोताखेरीज इतरत्रून आलेली मोजणी, म्हणजे बॅकग्राउंड वजा करायचं, आणि आतून बाहेर बेरीज करत वक्र काढायचा.

सगळी अडचण त्या ‘बॅकग्राउंड वजा करायचं’मध्ये आहे.

केंद्राजवळच्या 1 आर्कमिनिट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 3 चौरस आर्कमिनिट. 14 ते 15 आर्कमिनिटांमधल्या कड्याचं जवळजवळ 91. म्हणजे प्रत्येक चौरस आर्कमिनिटामागे बॅकग्राउंडमध्ये जी काही चूक असेल, ती त्या बाहेरच्या कड्यात जवळपास 30 पटीने मोठी होऊन बसते. आणि तिथे स्रोताचे फोटॉन मुळात थोडेच. बॅकग्राउंड किंचित कमी धरलं की स्रोत दूरवर पसरल्यासारखा दिसतो आणि निम्म्या फोटॉनांचं वर्तुळ फुगतं. किंचित जास्त धरलं की शेपूट कापलं जातं, वर्तुळ आखडतं आणि दुर्बीण कागदावर तीक्ष्ण होते. आरशाला कुणी हात लावलेला नसतो.

बरं, बॅकग्राउंड मोजायचं तरी कुठे? इतर दुर्बिणींत स्रोतापासून दूर, त्याच चित्रातला एखादा रिकामा तुकडा घेतात. एसएक्सटीचं क्षेत्र सगळं मिळून साधारण 41 आर्कमिनिट रुंद. स्रोताचे नऊ दशांशांहून अधिक फोटॉन हवे असतील तर 15 आर्कमिनिट त्रिज्येचं, म्हणजे 30 आर्कमिनिट व्यासाचं वर्तुळ लागतं. उरतात ते कोपरे. चारही कोपऱ्यांत ऊर्जेचं माप तपासायला लोह-55 चे किरणोत्सारी ठिपके बसवलेले आहेत. रिकामा म्हणावा असा तुकडा उरतच नाही. म्हणून एसएक्सटीच्या चमूने आकाशाच्या स्रोत नसलेल्या भागांची दीर्घ निरीक्षणं जोडून एक सामायिक बॅकग्राउंड सर्वांना दिलं. त्याची मोठी मदत होते. पण बॅकग्राउंड फेरीगणिक थोडं बदलतं, आणि वर्णपटासाठी जो फरक किरकोळ असतो तो आकृतीच्या कडेला किरकोळ राहत नाही.

घाटकोपरची एक विद्यार्थिनी होती, हिशेबाला अतिशय पक्की. तिने कोपऱ्यांजवळची जागा घेऊन, ठिपके टाळून, बॅकग्राउंड काढलं आणि वक्र सुंदर आला. 15 आर्कमिनिटांवर रेषा सपाट झाली आणि तिथून हलली नाही. असा सपाट वक्र पाहिला की काम झालं असं वाटतं. मी तिला एवढंच विचारलं, की 15 च्या बाहेर स्रोताचा उजेड शून्य आहे हे तुला कशावरून कळलं? ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मॅडम, मी ते वजा केलंय म्हणून.” बॅकग्राउंड म्हणून तिने जे काढून टाकलं होतं, त्यातच स्रोताची शेपटी होती. वक्र सपाट होणारच. त्या दिवसापासून आमच्या गटात वक्र कुणी एकटा दाखवत नाही. बॅकग्राउंड थोडं कमी, थोडं जास्त आणि मानलेलं, असे तिन्ही वक्र एकाच कागदावर लागतात. वाचणाऱ्याला तिन्हींमधली जागा दिसली पाहिजे, कारण आपलं अज्ञान तेवढ्या जागेचं आहे.

दुसऱ्या एका ब्लेझारच्या वक्रात मध्येच एक उंचवटा येत होता. गटातल्या एका मुलाने त्यावर आरशाच्या एखाद्या कवचाची जागा सरकली असावी, असा सिद्धान्त मांडला आणि आकृत्यांसकट चार पानं लिहून आणली. विचार चांगला होता. पण आरशातला दोष कुठल्याही स्रोताकडे बघितलं तरी दिसायला हवा. पीकेएस 2155-304 मध्ये उंचवट्याचा मागमूस नव्हता. मग त्याच क्षेत्राचं जुन्या रोसॅट उपग्रहाने केलेलं सर्वेक्षण उघडून पाहिलं, तर त्याच अंतरावर दुसरा एक मंद स्रोत बसलेला. कड्याच्या सरासरीत तो उंचवटा होऊन आला होता. तेव्हापासून कडी आखण्याआधी त्या क्षेत्रात शेजारी कोण आहे, हे दुसऱ्या दुर्बिणीला विचारायचं, असा शिरस्ता पडला. तीक्ष्ण दुर्बिणीचा धूसर दुर्बिणीला होणारा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. त्याआधी आम्ही घाटकोपरला भेटायचो, कारण अंधेरी-बोरिवलीकडची मुलं मेट्रोने सरळ तिथे उतरायची आणि आम्ही मध्य रेल्वेवाले लोकलने. आता प्रत्येक जण आपापल्या घरात. बोरिवलीच्या मुलाच्या घरी दोन खोल्या आणि पाच माणसं. सगळे झोपले की तो स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडायचा. मोठ्या फायली रात्रीच उतरवून घ्यायच्या, दिवसा त्याच नेटवर धाकट्या बहिणीची शाळा. अशा दिवसांत आम्ही जी परीक्षा बसवली, ती मला आजवरच्या कामातली सर्वांत पक्की वाटते. एकच निरीक्षण, दोघांनी स्वतंत्रपणे करायचं. अंधेरीच्या मुलीने 5 आर्कमिनिट त्रिज्येचं वर्तुळ घ्यायचं, बोरिवलीच्या मुलाने 15 चं. आपापल्या वर्तुळाबाहेर गेलेल्या फोटॉनांची दुरुस्ती आमच्या वक्रावरून लावायची आणि स्रोताची तेजस्विता काढायची. स्रोत एकच आहे, तर उत्तरंही सारखीच यायला हवीत. वेगळी आली, तर वक्र चुकला. त्यात मताला वाव नाही.

पहिल्या फेरीत ती जुळली नाहीत. मोठ्या वर्तुळाची तेजस्विता जास्त येत होती. फोनवर रात्री उशिरापर्यंत एकेक पायरी तपासताना लक्षात आलं, की त्या निरीक्षणात स्रोत कॅमेऱ्याच्या मध्यावर नव्हता. ॲस्ट्रोसॅटवरची उपकरणं एकाच दिशेला बघत असली तरी त्यांचे अक्ष काटेकोर जुळत नाहीत. दुसऱ्या उपकरणाच्या सोयीने उपग्रह रोखला की एसएक्सटीतला स्रोत थोडा बाजूला पडतो. मोठ्या वर्तुळाची एक कड कॅमेऱ्याबाहेर गेली होती. फोटॉन मोजले होते असलेल्या भागातले, पण बॅकग्राउंडचं क्षेत्रफळ कसं धरायचं याचं गणित दोघांनी वेगवेगळं लावलं होतं. ते एकसारखं केल्यावर फरक पुष्कळ कमी झाला, आणि जो उरला तो तीन वक्रांमधल्या जागेत मावला. त्या रात्री आम्ही सगळे मनापासून आनंदलो. नवा शोध लागलेला नव्हता, पण आपण लावलेलं माप दोन बाजूंनी टिकलं होतं.

माझे सासरे या सगळ्याकडे कुतूहलाने बघत. एकदा त्यांनी विचारलं, “एवढं धूसर दिसतं, तर त्याचा उपयोग काय गं?” त्यांना जे उत्तर दिलं ते इथेही देते. कॅमेऱ्याची एक चौकट साधारण 2.4 सेकंदांची. तेवढ्या वेळात एकाच जागी दोन फोटॉन पडले, तर कॅमेरा त्यांना एकच धरतो, दुप्पट ऊर्जेचा. प्रखर स्रोत तीक्ष्ण दुर्बिणीने पाहिला की त्याचे सगळे फोटॉन मोजक्या पिक्सेलांवर कोसळतात, मोजणी बिघडते आणि गाभा चक्क पोकळ दिसू लागतो. स्विफ्ट उपग्रहावर याच जातीचा कॅमेरा आहे, पण आरसा बराच तीक्ष्ण, त्यामुळे प्रखर स्रोतांसाठी तिथे वेगळी, वेगवान वाचन-पद्धत वापरावी लागते. एसएक्सटीत फोटॉन मुळातच हजारो पिक्सेलांवर विखुरतात, म्हणून बरेच प्रखर स्रोत ती नेहमीच्या पद्धतीने नीट मोजते. आपल्या आकाशगंगेतले कृष्णविवरांचे जोडतारे भडकतात, तेव्हा हा गुण कामी येतो. सासऱ्यांना ते पटलं. मलाही या दुर्बिणीकडे बघण्याची दृष्टी तिथूनच मिळाली: आधी मी तिच्या पसाऱ्याला कमीपणा समजून त्याची भरपाई करायला बघायची, नंतर तो तिचा स्वभाव धरून त्याचं माप घ्यायला लागले.

ॲस्ट्रोसॅटची रचना 5 वर्षांच्या आयुष्यासाठी होती आणि त्याने त्याच्या दुप्पट काळ गाठला. आता आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. कोपऱ्यांतल्या लोह-55 चं अर्धायुष्य साधारण 2.7 वर्षं, दहा वर्षांत ते ठिपके मूळच्या दहाव्या भागाहूनही मंद झालेले असणार. ऊर्जेचं माप तपासायला त्यांचा आधार कमी होत गेला, की फोटॉन निवडताना लावायच्या ऊर्जेच्या मर्यादाही अधिक जपून ठरवाव्या लागतात. मर्यादा सरकली की बॅकग्राउंड सरकतं, आणि बॅकग्राउंड सरकलं की पुन्हा कडेचा हिशेब आला. दहा वर्षांत आरशांची आकृती बदलली का, हे बघायचं तर पीकेएस 2155-304 ची सुरुवातीची आणि अलीकडची निरीक्षणं शेजारी ठेवायला हवीत. पण त्यांत स्रोताची प्रखरता वेगळी, कॅमेऱ्यावरची जागा वेगळी, बॅकग्राउंड वेगळं. यांतलं एकही सारखं न करता वक्र एकमेकांवर ठेवले तर फरक दिसेलच, आणि तो आरशाचा आहे असं कुणीही छातीठोकपणे सांगेल.

या वर्षी गटात आलेल्या दोन मुली ते काम करताहेत. एक भांडुपची, एक कांदिवलीची. दोघींना मी एकमेकींचे वक्र अजून दाखवू दिलेले नाहीत.